आखाजीला आलेली लाईन

जळगाव, २६ मे २०२५

हितेंद्र,

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, शिंदखेड्याकडे रेंज नसेल. मग कॉलेजच्या शिपायाच्या मोबाइलवरून लावला, तर पहिल्या रिंगला उचललास आणि "हितू, मी अक्का" एवढं ऐकून ठेवून दिलास. म्हणजे रेंज आहे, बहीण नको आहे. म्हणून पोस्टाने लिहितेय. पाकीट ब्लॉक करायची सोय अजून कोणी काढलेली नाही.

बदली तुला मागताच मिळाली असं रूपालीकडून कळलं. चोपड्याहून शिंदखेड्याला लोक शिक्षा म्हणून जातात. तू अर्ज करून गेलास, आणि बायकोला, रूपालीला, पोरींसकट मायजवळ ठेवून गेलास. बरं.

आमच्या लीलाधरला, म्हणजे ज्याच्या पेपरात मी दर रविवारी एका इंग्रजी शब्दाची हजेरी घेते त्या संपादकाला, या खेपेला 'लाईन' हवी आहे. म्हणाला, "मॅडम, सोपा शब्द आहे, हसत हसत होऊन जाईल." म्हणून हसत हसत लिहायला बसले. रेशनची लाईन, रेल्वेची लाईन, पोलीस लाईन. पोरगा पोरीवर मारतो ती लाईन. डॉक्टरची लाईन वेगळी, वकिलाची वेगळी. एखादा माणूस 'लाईनवर आला' म्हटलं की समजायचं, त्याचं बोलणं बंद केलं. पण आपल्या खेड्यात नुसतं 'लाईन' म्हटलं तर अर्थ एकच. लाईन उनी, लाईन गयी. इंग्रजाला हे सांगितलं तर तो चक्रावेल, की रेघ येते कशी आणि जाते कुठे. त्याच्याकडे वीज जातच नाही, त्यामुळे तिच्या येण्या-जाण्याला नाव ठेवायची पाळी त्याच्यावर आली नाही. आपण ठेवलं.

इथपर्यंत छान उतरलं. पुढे पेन चालेना. 'लाईन उनी' हे दोन शब्द कागदावर काढले की ते मला त्या दिवशीच्या आवाजात ऐकू येतात. झोक्यावरच्या बायका ओरडल्या होत्या तशा.

याच पेपरात, आतल्या पानावर, आखाजीनंतर, म्हणजे पेपरच्या भाषेत अक्षय्य तृतीयेनंतर, बातमी आली होती: 'आकडा टाकताना वीजचोराचा मृत्यू.' खाली समाधानचं नाव, आपल्या गावाचं नाव, आणि 'कंपनीच्या सूत्रांनी सांगितले.' मी लीलाधरला विचारलं, वीजचोर हा शब्द कुणाचा? तो म्हणाला, "आमचा नाही मॅडम, अहवालातला आहे." अहवाल गावच्या वायरमनचा असतो. गावचा वायरमन माझा भाऊ होता.

मी तुला काही विचारत नाही. एवढंच सांगते की लिहून दिलेलं परत घेता येतं. माझे विद्यार्थी दरवर्षी घेतात.

अक्का

---

जळगाव, १५ जून २०२५

हितेंद्र,

उत्तर नाही. अपेक्षा होती असंही नाही, पण लिफाफ्यात तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घातलं होतं, ते तरी परत करायचंस.

काल गावाला गेले होते. आपल्या घरी नाही, समाधानच्या घरी. त्याची ज्योती ओसरीवर अंधारात बसली होती. दुपारची वेळ, पण त्या घराला खिडकी एकच आणि ती गोठ्याकडे. मी सवयीने भिंतीवर बटण शोधलं. ती म्हणाली, "ताई, मीटर काढी लई गयात. चोरनं घर शे म्हने." समाधानवर वीजचोरीची केस आहे. मेलेल्या माणसावर केस चालत नाही, म्हणून नोटीस तिच्या नावाने आली. त्यांची पोरगी अंगणवाडीत जाते, तिथे तिला 'आकडावालानी पोर' म्हणतात. मी विचारलं, कंपनीकडे भरपाईचा अर्ज केलास का? ती म्हणाली, "चोरले कोन भरपाई देस?"

तुला जे माहीत आहे ते पुन्हा लिहिते, कारण तू साहेबांना जे लिहून दिलंस त्यात ते नाही.

समाधान तुझा झिरो होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांना वाटेल मी शिवी देतेय. पण आपल्याकडे प्रत्येक वायरमनचा एक झिरो असतो. पगार वायरमनचा, खांब झिरोचा. झिरो म्हणजे हजेरीपटात नाही, विम्यात नाही, गणवेशात नाही. पण कुणाचा फ्यूज उडाला तरी फोन त्यालाच. हा शब्द मूळचा आपलाच आहे, ठाऊक आहे? आपलं शून्य अरबांकडे गेलं, तिथून युरोपात, तिथून झिरो होऊन परत आलं आणि कमरेला पक्कड लावून आपल्या गावच्या खांबावर चढलं.

आखाजीचा दिवस. आम्ही माहेरवाशिणी शाळेमागच्या कडुलिंबाला झोका बांधून बसलेल्या. तुम्ही पुरुष पलीकडच्या पारावर पत्ते खेळत होतात. वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूससुद्धा आखाजीला बसतो, पोलीसही तिकडे बघत नाहीत, त्यात मी तुला दोष देत नाही. केळीवाले तीन-चार जण आले, म्हणाले, "भाऊ, खांबावरला तारना जंप तुटेल शे, रातले मोटरी चालाव नहीत." तुझ्या हातात पानं होती. तू मान न उचलता म्हणालास, "समाधान, जाय रे, बांधी ये. लाईन रातनी शे."

त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती, हे खरं. पाळी ठरलेली असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळे गावात कोणी सबस्टेशनला विचारत बसत नाही, वार बघून खांबावर चढतात. तरी समाधानने विचारलं. मी झोक्यावरून ऐकलं. "भाऊ, परमिट ल्या ना." आणि तू म्हणालास, "झिरोना नावनं परमिट निंघस का रे?" पारावर सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. वाक्य चांगलं होतं.

परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवल्याचा सबस्टेशनचा कागद, निघालं असतं, तुझ्या नावाने. फक्त मग खांबावर तुला चढावं लागलं असतं.

इकडे उन्हाने केळी करपायला लागली म्हणून वरच्या शिवारातले लोक सबस्टेशनवर जाऊन बसले होते. ऑपरेटरला आमरसाची बादली नेली होती. त्याने सणाची भेट म्हणून दिवसाच लाईन सोडली. खांबावर कोणी आहे हे त्याला कसं कळणार? परमिटच नव्हतं. शाळेशेजारच्या विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली, पाइपातून पाणी उसळलं आणि सगळ्या बायका टाळ्या वाजवून ओरडल्या, "लाईन उनी! लाईन उनी वं!"

आम्ही ओरडत होतो तेव्हा तो मरत होता.

तू लिहून दिलंस की तू त्या वेळी शेजारच्या गावात राउंडवर होतास, आणि एक अनधिकृत इसम आकडा टाकायला खांबावर चढला. हितू, 'इसम' काय? तुझ्या लग्नात मंडपाची लायटिंग त्याने केली होती.

अक्का

---

शिंदखेडा, ६ जुलै २०२५

अक्का,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आता आणखी पाठवू नकोस. पोस्टमन ऑफिसात आणून देतो, सगळे बघतात.

तुला लिहिता येतं, मला येत नाही. तरी लिहितो. समाधान मेला याचं मला काहीच नाही असं तुला वाटतं. मी जेवायला बसलो की तो समोर येतो. पण मी खरं सांगितलं तर तो परत येणार आहे का? माझी नोकरी जाईल. वर केस होईल. दोन पोरी आहेत मला. तुला पोरंबाळं नाहीत, तुला कळणार नाही.

झिरो ठेवणारा मी एकटा नाही. बठ्ठा जिल्हा ठेवतो. साहेबाला माहीत, साहेबाच्या साहेबाला माहीत. एका वायरमनकडे पाच गावं देतात आणि सांगतात संध्याकाळपर्यंत चालू कर. तेव्हा कोणी विचारत नाही चढलं कोण. मेला की विचारतात.

ज्योतीचं मी बघतो आहे. रूपालीच्या हातून धान्य पाठवलं. तिने परत केलं, त्याला मी काय करू.

तू त्या दिवशी तिथे नव्हतीस असं समज. सगळ्यांच्या बऱ्याचं आहे. माय पण तेच म्हणते.

हितेंद्र

---

जळगाव, ३ ऑगस्ट २०२५

हितेंद्र,

तुझं पत्र चांगलं आहे. खरंच. माझ्या लेखांपेक्षा कमी शब्दांत जास्त सांगतोस. एकच वाक्य मी वाचलं नाही असं समजते, पोराबाळांचं. तूही लिहिलं नाहीस असं समज.

'बठ्ठा जिल्हा ठेवतो' हे तू मला का सांगतोस? ते चौकशीच्या टेबलासमोर सांग ना. एक वायरमन, पाच गावं, आणि वरचे सगळे डोळे मिटलेले, हे तू तिथे उभा राहून म्हणालास तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन, आणि लीलाधरच्या पहिल्या पानावर छापून आणीन. पण तू साहेबांना वाचवलंस, स्वतःला वाचवलंस आणि सगळा भार ज्याला नाव नाही त्याच्यावर टाकलास. साहेबांना आवडेल असंच केलंस. बदली लगेच मिळाली ती काय तुझ्या अक्षरावर?

लाईनचा लेख अजून झालेला नाही. लीलाधर रोज 'डेडलाईन' म्हणतो. या शब्दाचं मूळ तुला सांगते. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ आखलेली असायची. ती ओलांडली की पहारेकरी विचारपूस न करता गोळी घालायचा. ती डेडलाईन. आता ती ओलांडली तर संपादक फक्त नाराज होतो. शब्दसुद्धा नोकरीत राहून मऊ होतात.

आणि मूळची लाईन कुठली? जवसाची. आपण ज्याची चटणी कुटतो त्या जवसाची. लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणत. त्याच्या देठाच्या वाखाचा धागा काढत. धाग्याला रंग लावून ताणला आणि टिचकी मारली की लाकडावर सरळ खूण उठते, म्हणून धाग्यावरून रेघ. आपला गवंडी 'लाईनदोरी' म्हणतो ना? बिचारा एकाच वस्तूचं नाव दोनदा घेतो. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी शिरला. एका वाटेने दोर होऊन, खलाशांच्या हातात. दुसऱ्या वाटेने फ्रेंचांकडून रेघ होऊन. कोटाचं अस्तर म्हणजे लायनिंग, तेही जवसाच्याच कापडाचं. पुढे घराण्याची लाईन, रक्ताची लाईन. सगळं एका दोरीला बांधलेलं.

दोरीवरून एक गोष्ट विचारायची राहिली आहे. पहिल्या दोन पत्रांत विचारली नाही. धीर झाला नाही.

समाधानच्या अंगाखाली जो आकडा सापडला, पंचनाम्यात आहे तो, ती पिवळी तार मी पाहिली. पोलिसांनी उचलली तेव्हा मी पुढेच उभी होते. तिच्या मध्यावर एक गाठ होती आणि गाठीवर लाल चिंधी गुंडाळलेली होती. हितू, ती चिंधी मायच्या जुन्या लुगड्याची आहे. गाठीच्या गंजाने कपड्यांना डाग पडतात म्हणून तिने ती बांधली. ती तार आपल्या अंगणात, गोठ्यापासून पेरूच्या झाडापर्यंत, कपडे वाळत घालायला होती. त्या दिवशी सकाळी होती. संध्याकाळी ओल्या साड्या कुंपणावर टाकलेल्या होत्या. मी विचारलं, "माय, तार कुठे गेली?" ती म्हणाली, "तुटनी." आणि चुलीकडे वळली.

तू पारावरून उठून त्याच्याकडे पळालास असं सगळे समजले. मीही तेच समजले. तू आधी घरी गेला होतास.

विद्युत निरीक्षकांच्या कचेरीतून मला बोलावणं आलंय. ज्योतीने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. सुनावणी पुढच्या महिन्यात इथेच, जळगावला आहे. त्याआधी तू स्वतः जा. तू सांगितलंस तर ती कबुली होईल. मी सांगितलं तर ती पकड होईल. मला तुझ्या बाबतीत पहिला शब्द हवा आहे.

अक्का

---

जळगाव, २१ सप्टेंबर २०२५

हितेंद्र,

सुनावणीनंतर तू जिन्यावरून उतरलास आणि मी पाण्याच्या कूलरपाशी उभी होते. तू मला ओलांडून गेलास, तेव्हा तुझ्या खांद्याला माझी पर्स लागली. तू "सॉरी" म्हणालास. परक्या बाईला म्हणतात तसं. त्यानंतर आपलं बोलणं नाही, म्हणून जे घडलं त्याबद्दल माझी बाजू इथे लिहिते.

तू स्वतः जाशील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. तू गेलास, पण गाव घेऊन गेलास. दोन जीपगाड्या. झोक्यावरच्या सगळ्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या, जणू कोणाचा साखरपुडा आहे. मी सांगितलं की मी तिथे होते, तू पत्ते खेळत होतास, तू त्याला पाठवलंस. निरीक्षक साहेब तरुण होते, नाशिककडचे असावेत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकेकाला बोलावलं.

कौतिक आबा पहिले. पारावर तुझ्यासमोर तेच बसले होते. म्हणाले, "साहेब, ती मोठी लिखनारी बाई. आखाजीले ती कसाले येई? तिले आमना गावनी लाज वाटस." सगळे हसले. कचेरीतला शिपाईसुद्धा हसला. मग एकेक बाई माझं नाव घेऊन सांगून गेली. मोहिनी या वर्षी आखाजीला आलीच नाही. झोक्यावर नव्हती. गावात नव्हती. शब्द न शब्द तोच. माझ्या वर्गात एवढी एकसारखी उत्तरं आली असती तर मी कॉपीची केस केली असती. एकीने तर मला विचारलं, "ताई, तुमी बऱ्या शेत ना?" तिने माझ्या हातावर त्या दिवशी मेंदी काढली होती.

मी ऐकत होते. मला वाटत होतं, ही गोष्ट इथवर येऊन थांबेल.

मग तू मायला आणलंस.

तिला जिना चढवत नव्हता. तू धरून आणलंस, खुर्चीवर बसवलंस, पदर नीट केलास. इतक्या प्रेमाने तू तिला त्या खुर्चीपर्यंत नेलंस की बघणाऱ्याला श्रावणबाळ वाटावा. साहेबांनी विचारलं, "आजी, तुमची मुलगी आखाजीला माहेरी आली होती का?" मायने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासमोरच होते. ती म्हणाली, "नही उनी व्हती. आते येवानीबी नही."

लेखनिकाने शुद्ध मराठीत लिहून घेतलं: मुलगी आली नव्हती. दुसरं वाक्य त्याने सोडून दिलं. आता येणारही नाही, हे.

त्यानंतर मी पर्समधून मोबाइल काढला.

फोटो माझ्याकडे आहे हे मी तुला का कळवलं नाही, असं तुला वाटत असेल. कळवलं असतं तर तू माणूस म्हणून बदलला नसतास, फक्त जबानी बदलली असतीस. तुझ्यासाठी ठेवला होता तो. तू उभा राहून 'मी राउंडवर होतो' म्हणशील तेव्हा दाखवायचा, तुला एकट्याला हरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू मायला त्या खुर्चीवर बसवशील असं मला वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं. तुला मी लहानपणापासून ओळखते. मार पडायची वेळ आली की तू तिच्या मागे लपायचास.

फोटो आखाजीच्या सकाळचा आहे. रूपालीनेच काढला, आपल्या अंगणात. मी, माय, तुझ्या दोन्ही पोरी, आणि सुनावणीत ज्यांनी शपथ घेतली त्यांतल्या चार जणी. सगळ्या हसतायत. माझ्या हातावर ओली मेंदी आहे. मागे पेरूच्या झाडाला पिवळी तार ताणलेली आहे, तिच्यावर मायची हिरवी साडी, आणि साडीच्या शेजारी लाल चिंधीची गाठ. कोपऱ्यात शिडी खांद्यावर घेतलेला समाधान उभा आहे. तो फोटोसाठी थांबला नव्हता, तुला हाक मारायला आला होता.

साहेबांनी फोटो मोठा केला. मग पेटीतून जप्त केलेली तार मागवली. तार टेबलावर ठेवली. कौतिक आबा बाहेर निघून गेले. मायने तार पाहिली आणि हात पुढे केला, आपली वस्तू उचलावी तसा. तू तिचा हात धरलास.

साहेब म्हणाले, "आजी, ही तार तुमची का?"

ती म्हणाली, "मनी शे." मग तिला कळलं, आणि तिने तोंडावर पदर घेतला.

तुला शिक्षा व्हावी म्हणून मी गेले नव्हते, हे लिहिलं तर तू मानणार नाहीस. लिहीत नाही. तुझ्या पोरींच्या शाळेचं मी बघेन असं रूपालीला सांगितलं. तिने फोन ठेवला. आपल्या घरात ही पद्धतच आहे.

तुझ्या बाजूने मी जे बोलले ते तू ऐकलं नसावंस, तू मायला पाणी पाजत होतास. मी सांगितलं की झिरो ठेवणं सगळ्यांना माहीत आहे, एका माणसाकडे पाच गावं आहेत, परमिटाशिवाय काम रोज होतं आणि वरचे ते चालवून घेतात. साहेबांनी मान हलवली. पण लेखनिकाचं पेन तेवढ्या वेळ टेबलावर पडून होतं.

अक्का

---

जळगाव, २१ एप्रिल २०२६

हितेंद्र,

तू निलंबित आहेस आणि घरीच आहेस, म्हणून या खेपेला पत्र गावच्या पत्त्यावर. रूपालीच्या हाती पडलं तर तिने वाचावं. मायला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

समाधानवरची चोरीची केस मागे घेतली, हे तुम्हाला कळलं असेल. ज्योतीच्या घरी मीटर परत बसलं. भरपाईचा कागद मुंबईला गेला आहे. मुंबईला गेलेला कागद माणसासारखाच असतो, तिथे रमतो. अहवालात समाधानला 'वीजचोर' म्हटलेलं नाही. 'अनधिकृत व्यक्ती' म्हटलं आहे. त्याची बढती एवढीच. ऑपरेटरवर ठपका, तुझ्यावर गुन्हा. पाच गावांचं, झिरोंचं, साहेबांचं एक अक्षर नाही. तुझ्या जागी जो नवीन वायरमन आला त्याने महिन्याभरात झिरो ठेवला, असं ऐकते.

ज्योतीला भेटले. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हात धरेल. तिने चहा केला. मग म्हणाली, "ताई, तुमी त्याच दिनले सांगतात तं पोरनं नाव खराब नही व्हतं." मी त्याच दिवशी बोलले असते तर. बरोबर आहे तिचं. मी तुला पत्रं लिहीत बसले होते. तुझ्या तोंडून यावं, म्हणून. तेवढे महिने ती अंधारात होती आणि तिची पोरगी अंगणवाडीत ते नाव ऐकत होती. चहा चांगला होता. कपात परत ओतायला ती उठली नाही.

लाईनचा लेख मी कधीच दिला नाही. लीलाधरने त्या जागी जाहिरात छापली, सोलर पंपाची.

आता ज्यासाठी हे पत्र. परवा आखाजी झाली. मी इथेच होते. दुपारी कॉलनीत सगळं सामसूम, बायका माहेरी गेलेल्या. संध्याकाळी रूपालीचा फोन आला. सप्टेंबरपासून पहिल्यांदा. मला वाटलं पोरींचं काही. ती कुजबुजत होती, माय बाहेरच्या खोलीत असावी.

आखाजीला गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात, ते पाणी त्यांना पोचतं म्हणतात, त्याची गडबड सकाळपासून चालली होती म्हणाली. ज्योतीने समाधानची पहिली घागर भरली, अख्ख्या गावाने पाहिलं. आपल्या घरी मायनेच भरली. आपल्या वडिलांची, नानांची, दरवर्षीसारखी, वर खरबूज ठेवून. मग तिने कुंभाराकडून आणलेली दुसरी घागर पुढे घेतली. ती धुतली, पाणी भरलं, वर आंबा आणि सांजोरी ठेवली, कुंकू लावलं. रूपालीला वाटलं आपल्या आजीची, नानांच्या आईची असेल. पण आजीची कधी वेगळी भरत नाहीत. तिने विचारलं, "माय, ही कोनी?"

माय म्हणाली, "मोहिनीनी."

रूपाली रडत होती. म्हणाली, "ताई, मी तिले सांगं, जिवंत मानूसनी भरत नहीत. तं तिनी हात जोडात आनि बशी ऱ्हायनी." तू तिथेच होतास म्हणे, खाटेवर. भिंतीकडे तोंड करून.

मी फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी प्याले. दिवसभर ऊन फार होतं.

हितू, मायला एवढा निरोप सांग. तिला वाटत असेल की ही घागर रागाची आहे आणि तिचं पाणी कुठे जात नाही. तिला सांग, पाणी पोचलं.

मोहिनी